वावरातले पाणी, नळातले पाणी

नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की आपण नागपूरकर नाग नदीकडे बोट दाखवून मोकळे होतो. त्यात चूक काहीच नाही. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ही नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ती सारी घाण गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोचते. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा कोलार आणि कन्हानच्या पात्रात राख मिसळली. या गोष्टी डोळ्यांना दिसतात, नाकाला कळतात. कुठून आले, कोणी सोडले, हे सांगता येते. पाइपाचे तोंड दाखवता येते.

परंतु पाण्यात मिसळणारी आणखी एक घाण आहे, जिला तोंडच नाही. ती एका पाइपातून येत नाही, हजारो वावरांतून थोडी थोडी येते. मृगाचा पाऊस पडला की शेतातले पाणी धुऱ्यावरून ओघळते, ओघळीतून नाल्यात, नाल्यातून नदीत आणि नदीतून धरणात जाते. जाताना माती, खत आणि फवारणीची औषधे घेऊन जाते. यात कारखानदार नाही, नगरपालिका नाही. म्हणून खटलाही नाही आणि मोर्चाही नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित प्रदूषणाचा आणि ते कमी करण्याच्या उपायांचा विचार करावयाचा आहे.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी बहुतेकांचे गाव एक-दोन पिढ्यांपूर्वी सुटले असले तरी नाळ तुटलेली नाही. कोणाचे वावर काटोलकडे, कोणाचे उमरेड-भिवापूरकडे, कोणाचे आईवडील अजूनही दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जातात. आणि शहरात राहणारे आपण सर्व पेंचचे पाणी पितो. पेंच उगम पावते मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात. हा जिल्हा मक्याच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे आणि मका हे खताला हावरट पीक आहे. तोतलाडोहच्या वर राखीव जंगल आहे, हे आपले नशीब म्हणायचे. जंगलातली माती व पालापाचोळा बरेच काही अडवून ठेवतो. पण नदीचे पाणी राज्याची सीमा पाहून वाहत नाही, एवढे लक्षात ठेवले पाहिजे.

वावरातून काय वाहून जाते?

प्रथम माती. भारतात सरासरीने दरवर्षी हेक्टरी सुमारे १६ टन माती आपल्या जागेवरून हलते, असा अंदाज १९८३ साली शास्त्रज्ञांनी मांडला होता व आजही तो आधारभूत मानला जातो. आकडा मोठा वाटतो, पण शेतकऱ्याला हे नुकसान दिसत का नाही, ते थोड्या हिशेबाने कळते. एका हेक्टरावर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे दहा घनमीटर माती, वजनाने तेरा-चौदा टन. म्हणजे १६ टन गेले तरी जमीन वर्षाला जेमतेम सव्वा मिलिमीटर खाली जाते. चार-पाच पोस्टकार्डे एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढी. ती कोणाला दिसणार? परंतु पाच एकरांच्या वावराचा हिशेब केला आणि एका बंडीत अर्धा टन माती धरली, तर साठ-पासष्ट बंड्या माती एका पावसाळ्यात हललेली असते. एवढ्या बंड्या भरून कोणी माती चोरून नेली असती तर पोलिसांत तक्रार झाली असती!

शिवाय जी माती जाते ती वरची, सर्वांत कसदार. शेणखत, काडीकचरा, जिवाणू सारे याच थरात असतात.

आपल्याकडील काळ्या जमिनीचा स्वभाव याला आणखी हातभार लावतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ पोटात जातो. एकदा जमीन फुगली, भेगा मिटल्या, की पाणी मुरण्याचा वेग अगदी मंद होतो. मग जुलै-ऑगस्टमधला एखादा झडीचा किंवा धो धो पाऊस पडला की मुरण्याऐवजी पाणी वाहू लागते. नेमका याच वेळी पऱ्हाटीला, सोयाबीनला खताचा डोस दिलेला असतो व फवारणीही सुरू असते.

विद्यार्थी मित्रांनी येथे स्फुरद आणि नत्र यांतील फरक नीट समजून घ्यावा, कारण उपाय त्यावरच अवलंबून आहेत. डीएपीतला स्फुरद मातीच्या कणांना चिकटून बसतो. तो स्वतः फारसा विरघळून जात नाही. माती गेली की तिच्या पाठीवर बसून जातो. कीटकनाशकांपैकी पुष्कळशी अशीच मातीला चिकटून प्रवास करतात. याउलट युरियातल्या नत्राचे जमिनीत नायट्रेट होते. नायट्रेटचा भार ऋण असतो आणि चिकणमातीच्या कणांचाही ऋणच असतो. त्यामुळे माती त्याला धरून ठेवीत नाही. पाणी जिकडे जाईल तिकडे ते जाते. पाणी नाल्यात गेले तर नाल्यात आणि जमिनीत मुरले तर विहिरीत.

धरणात वा तलावात स्फुरद आणि नत्र साचले की शेवाळ व जलपर्णी माजते. ती कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासळी मरते. भंडारा-गोंदियाकडच्या मालगुजारी तलावांवर, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, ढिवर बांधवांचे पोट चालते. त्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

विहिरीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक आहे. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भूजल गुणवत्ता अहवालात देशभरातील सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट या मर्यादेबाहेर आढळले. सर्वाधिक बाधित म्हणून ज्या १५ जिल्ह्यांची नावे त्यात आहेत, त्यांत आपल्या विदर्भातील वर्धा, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा हे चार जिल्हे आहेत. महाराष्ट्रातील नांदेड, बीड आणि जळगाव हेही त्यात आहेत. म्हणजे १५ पैकी ७ जिल्हे एकट्या महाराष्ट्राचे! नागपूरच्या पश्चिमेला वर्धा नदी ओलांडा किंवा दक्षिणेला बुटीबोरीच्या पुढे जा, की हा पट्टा सुरू होतो.

अशा पाण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी होते व बाळ निळे पडू शकते. येथे एक गोष्ट आयाबहिणींना मुद्दाम सांगावी अशी आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. तुरटीनेही ते जात नाही.

सारा दोष खतावर टाकणे मात्र योग्य होणार नाही. विहिरीला लागून असलेला उकिरडा, गोठ्याचे पाणी, शौचालयाचा शोषखड्डा यांतूनही नायट्रेट उतरते. गावातल्या विहिरीत ते आढळले तर आधी विहिरीभोवती शंभर पावले फिरून पाहावे. पण गावाबाहेरच्या, संत्र्याच्या बगीच्यातल्या विहिरीत आढळले तर खताशिवाय दुसरे कारण शोधण्याची गरज फारशी पडत नाही.

फवारणीच्या औषधांबाबत २०१७ साल विसरता येत नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यांत रोजंदारीने पंप पाठीवर घेणारे पुष्कळ होते. हवेतून नाकात गेले त्याची नोंद झाली. पंप धुतलेले पाणी नाल्यात गेले, त्याची नोंद कोण घेणार?

माथा ते पायथा

पावसाचे पाणी ज्या क्षेत्रातून वाहून एका नाल्याला मिळते ते सर्व क्षेत्र म्हणजे त्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द तलाठ्याच्या नकाशाप्रमाणे ठरत नाही, जमिनीच्या उंचवट्यांप्रमाणे ठरते. म्हणून एका शेतकऱ्याने आपल्या वावरात कितीही चांगले काम केले तरी वरच्या वावरातून लोंढा आला की त्याचा धुरा फुटणारच. या कामाला एकट्यादुकट्याने हात घालून उपयोग नाही, ही त्यातली अडचणही आहे आणि त्यातले शिक्षणही.

पाणलोटाच्या कामाचा नियम असा की सुरुवात माथ्यावरून करावी. टेकडीवर सलग समतल चर खोदावेत, उतारावरच्या ओघळींत दगडी बांध घालावेत, वावरात बांधबंदिस्ती करावी, आणि मग शेवटी नाल्यात माती नाला बांध किंवा सिमेंट बंधारा. धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे आणि चालणाऱ्याला बसवायचे. पाण्याचा वेग निम्मा झाला की त्याची माती वाहून नेण्याची ताकद निम्म्याहून पुष्कळच खाली येते. माती खाली बसते आणि तिला चिकटलेला स्फुरद व औषधही तिथेच राहते.

काळ्या जमिनीत आणखी एक पथ्य आहे. हलक्या जमिनीत समपातळीचे बांध चालतात. आपल्या भारी जमिनीत तसे केले तर बांधामागे पाणी साचते, पीक पिवळे पडते आणि शेवटी शेतकरी स्वतःच रात्री जाऊन बांध फोडतो. म्हणून येथे थोडा ढाळ दिलेले बांध हवेत आणि जादा पाणी निघून जाण्यासाठी गवत लावलेली वाट हवी. पूर्वी सरकारी बांधबंदिस्तीच्या कामांत हा फरक न पाळल्यामुळे पुष्कळ ठिकाणी बांध आले आणि गेले.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीच्या दोन छोट्या पाणलोटांवर प्रयोग चालवला आहे. एकात पारंपरिक पद्धतीने शेती, दुसऱ्यात रुंद वरंबा-सरी, गवताच्या वाटा, सुधारित बियाणे आणि खताची योग्य मात्रा. पारंपरिक पाणलोटातून वर्षाला सरासरी सुमारे २२० मिलिमीटर पाणी आणि हेक्टरी साडेसहा टन माती वाहून जाते. सुधारित पाणलोटातून सुमारे ९० मिलिमीटर पाणी आणि दीड टन माती. म्हणजे माती चौपट कमी गेली आणि धान्याचे उत्पादन चौपटीहून अधिक आले. जमीन आपल्यासारखीच, पाऊस आपल्यापेक्षा कमी. आपल्याकडे सोयाबीनसाठी आता रुंद वरंबा-सरीचे पेरणीयंत्र मिळते. ते नसेल तर दर दोन-तीन ओळींनंतर डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी काढण्याची युक्ती जुनीच आहे. तिला पैसा लागत नाही.

गवताच्या पट्टीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय तोच आहे. विदर्भातला धुरा हा पूर्वी चांगला हात-दोन हात रुंद असे. त्यावर पवना, मारवेल असे गवत, बोरी-बाभळी, एखादे कडुनिंबाचे झाड असे. बैलाला चारा तिथून मिळे. हा धुरा म्हणजे वावराची चाळणी होती. पाणी गवतातून गाळून पुढे जात असे, गाळ धुऱ्यापाशी बसत असे. वाटण्या झाल्या, वावरे लहान झाली, बैल गेले, ट्रॅक्टर आले. आणि प्रत्येकाने दरवर्षी एक तास धुऱ्यात घुसवला. जो थोडा धुरा उरला त्यावर तणनाशक मारण्याची पद्धत पडली. आता तर तणनाशक सहन करणारे बेकायदेशीर कपाशीचे बियाणे, ज्याला लोक चोर बीटी म्हणतात, गावोगाव पोहोचले आहे. पिवळा जळलेला धुरा ‘स्वच्छ’ दिसतो खरा, पण गवताची मुळे मेली की पहिल्या मोठ्या पावसात तोच आधी फुटतो. नाल्याच्या काठाची गोष्ट तीच. काठापासून पाच-सात हात जागा वखरू नये, तिथे गवत, बांबू, करंज राहू द्यावे, एवढे पाळले तरी नाल्यात जाणारी माती पुष्कळ थांबेल. ज्याला गवतातून काही पदरात पडावेसे वाटते त्याने वाळा लावावा. त्याची मुळे सरळ खोल जातात, गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि ओळ दाट लागली की जिवंत बांधच तयार होतो.

महाराष्ट्रात पाणलोटाची कामे नवी नाहीत. १९७२ च्या दुष्काळात लाखो हात मातीच्या कामावर होते. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावे शाळेतली मुलेही सांगतात. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. १९९२ पासून भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम नाबार्डच्या सहभागाने चालला व त्यात गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, ही अट होती. जवळचे उदाहरण म्हणजे वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील तामसवाडा नाल्याचे काम, जे आता ‘तामसवाडा पॅटर्न’ म्हणून ओळखले जाते. डिसेंबर २०१४ मध्ये राज्य शासनाने जलयुक्त शिवार अभियान सुरू केले. त्यावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्च झाला आणि भूजलाची पातळी वाढवण्यात ते फारसे यशस्वी ठरले नाही, असा शेरा महालेखापालांच्या २०२० च्या अहवालात आला. माझ्या मते याचे एक कारण साधे आहे. नाला खोल करायला जेसीबी लागतो आणि त्याचे बिल लवकर निघते. टेकडीवर चर खोदायला माणसे लागतात. मशीनने पायथ्यापासून सुरुवात केली आणि माथा तसाच राहिला, तर दोन पावसाळ्यांत नाला गाळाने भरणार नाही तर काय होणार?

गाळाचेही दोन बाजूंनी पाहावे. तलावात बसलेला गाळ म्हणजे आपल्याच वावरातली माती आणि आपलेच पैसे मोजून घेतलेले खत. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. गाळ वावरात परत टाकला तर जमीन सुधारते आणि तलावात साचलेला स्फुरदही बाहेर निघतो. जुन्या मामा तलावांच्या गावांत उन्हाळ्यात गाळ उपसून वावरात नेण्याची रीत होतीच.

पाणी अडवले म्हणजे झाले का?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पाणलोटावरच्या भाषणांत ती सहसा येत नाही. बांध, चर, गवत हे सर्व माती अडवतात, मातीबरोबरचा स्फुरद व औषध अडवतात. नायट्रेट ते अडवीत नाहीत. उलट जे पाणी पूर्वी नाल्याने वाहून जात असे ते आता जमिनीत मुरते आणि जास्तीचे नायट्रेट घेऊन विहिरीत उतरते. नदीचे काही अंशी भले झाले आणि विहिरीचे बिघडले, असे होऊ शकते. नायट्रेटवर उपाय एकच, तो म्हणजे मुळात जास्तीचा युरिया न टाकणे.

दुसरे असे की पाणी आले की पीक बदलते. जालना जिल्ह्यातील कडवंची गावात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली १९९६ ते २००१ या काळात पाणलोटाचे उत्तम काम झाले. कोरडवाहू गाव द्राक्षाचे गाव झाले, लोकांच्या हाती पैसा आला, दुष्काळातही बागा टिकल्या. यात आनंदच आहे. परंतु ज्वारी-बाजरीला जिथे फवारा लागत नव्हता तिथे द्राक्षाला हंगामभर फवारे लागतात. आपल्या काटोल-नरखेड भागात संत्र्याच्या बगीच्यांनी भूजल किती खोल नेले, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून पाणलोटाचे काम आणि पिकाची निवड यांचा विचार एकाच ग्रामसभेत व्हायला हवा. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घ्यायला बंदी केली, ऊस-केळीला आळा घातला आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. नायगावच्या पाणी पंचायतीनेही ऊस वर्ज्य केला होता. ताळेबंद हा शब्द आम्हा बँकवाल्यांचा, पण त्यांनी तो चांगला वापरला.

खताची गोणी आणि कर्जाचा कागद

मी बँकेत नोकरीस असल्यामुळे हा भाग कौंटरच्या अलीकडून पाहिला आहे. पीककर्जाचा एकरी दर जिल्ह्यासाठी पिकानुसार ठरतो. त्यात बियाणे, खत, औषधे, मजुरी यांचा हिशेब धरलेला असतो. धुरा दुरुस्त करणे, गवताचे बी टाकणे, गाळ वाहून आणणे यांचा त्यात विचार नसतो. जमीन सुधारणेसाठी मुदती कर्ज आहे, पण तीन एकरवाला शेतकरी त्याच्या कागदपत्रांच्या वाटेला जात नाही. म्हणजे वाहून जाणाऱ्या वस्तूला कर्ज सहज मिळते आणि ती अडवणाऱ्या वस्तूला मिळत नाही.

जूनमध्ये रक्कम खात्यात आली की शेतकरी एकदम सर्व खत उचलतो, कारण ऑगस्टमध्ये युरिया मिळेल याची खात्री नसते. घरात गोणी पडून ओली होण्यापेक्षा टाकून मोकळे व्हावे, असा विचार साहजिक आहे. ज्याला बँकेचे कर्ज मिळत नाही तो कृषी केंद्रातून उधारीवर घेतो. तिथे दुकानदारच सल्लागार असतो. आणि उधारी देणाऱ्याचा सल्ला मोडायचा कसा?

किमतीचाही वाटा आहे. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत शासनाने २६६ रुपये ५० पैशांवर बांधून ठेवली आहे. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना पडते. २०१० पासून स्फुरद व पालाशच्या खतांचे अनुदान वेगळ्या पद्धतीने दिले जाऊ लागले, त्यांच्या किमती चढल्या आणि युरिया तेवढा स्वस्त राहिला. मग हात युरियाकडेच जाणार. एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. फेकून दिलेल्या युरियातले निम्म्याहून अधिक नत्र पिकाच्या तोंडी लागत नाही. एकरी तीन गोण्या टाकणाऱ्याने दीड गोणी हवेला आणि पाण्याला दान केली, असा त्याचा अर्थ होतो.

उपाय अवघड नाहीत. माती तपासून मात्रा ठरवावी. मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आहे, ती देव्हाऱ्यात ठेवण्यासाठी नाही. युरिया दोन-तीन हप्त्यांत द्यावा, ओळीजवळ पेरून मातीआड करावा, आभाळ भरून आले असताना देऊ नये. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके हवेतले नत्र स्वतः धरतात, त्यांना युरियाचा मारा कशासाठी? कपाशीत तुरीच्या ओळी हव्यातच. फवारणीच्या आधी कामगंध सापळे लावून किडीची संख्या पाहावी, सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पंप आणि डबे नाल्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नयेत. हे शेवटचे सर्वांत सोपे आहे आणि सर्वांत कमी पाळले जाते.

ई-क्लासची जमीन

पाणलोटाचा माथा बहुतेक गावांत कोणाच्या मालकीचा नसतो. तिथे ई-क्लासची जमीन असते, झुडपी जंगल असते. कागदावर ती मोकळी दिसते. प्रत्यक्षात तिथे भूमिहीनांच्या शेळ्या चरतात, सरपण गोळा होते आणि कित्येक ठिकाणी आपल्याच समाजबांधवांनी दोन-दोन एकर वहितीत आणलेले असतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अशी अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही सातबारा न मिळालेली माणसे पुष्कळ आहेत.

पाणलोटाचे काम माथ्यावरून सुरू करायचे म्हणजे चर याच जमिनीवर येणार आणि चराईबंदीही येथेच लागणार. फायदा मात्र पायथ्याशी, ज्याची विहीर आहे त्याला. चर खोदणारी कुदळ भूमिहीनाची, शेळी विकावी लागली ती त्याच्या बायकोची, आणि पाण्याची पातळी वाढली ती दुसऱ्याच्या बगीच्यात, असे होता कामा नये. यावर उत्तर नाही असे नाही. पाणी पंचायतीने पाण्याचा हिस्सा जमिनीवर नव्हे, माणशी ठरवला. भूमिहीनालाही त्यात हक्क दिला. चराई बंद केली तर कापून नेण्याच्या गवतावर पहिला हक्क शेळीवाल्यांचा, तलावातल्या मासळीवर ढिवरांचा, आणि ज्याचे वहितीतले दोन एकर आहेत त्याला न उठवता त्याच्याच बांधावर काम, असे ग्रामसभेच्या ठरावात आधी लिहून घ्यावे लागते. काम झाल्यावर कोणी लिहून देत नाही.

वर राहणाऱ्याने झीज सोसावी आणि खालच्याने पाणी प्यावे, हा तिढा जगभर आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने १९९७ साली तो करारानेच सोडवला. शहराचे पाणी शंभर मैलांवरच्या कॅटस्किल डोंगरातून येते. गाळणी प्रकल्पावर अब्जावधी डॉलर खर्च करण्याऐवजी शहराने डोंगरातल्या शेतकऱ्यांना गोठ्याचे शेण साठवण्यासाठी, ओढ्याकाठी कुंपण व झाडे लावण्यासाठी पैसे दिले. याच्या उलट ओहायो राज्यातील टोलेडो शहर. ऑगस्ट २०१४ मध्ये शेतांतून वाहून आलेल्या स्फुरदाने ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि सुमारे चार लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. उकळूनही पिऊ नका, असेही.

नदीचे खोरे हे एकच एकक धरून त्याचा विचार करावा, ही कल्पना आपल्या देशात रुजवण्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा वाटा मोठा आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याकडे होते. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्याला बिहार आणि बंगालच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय विकासाची बाजू मांडली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी महामंडळाने हजारीबागला मृदसंधारणाचा स्वतंत्र विभाग काढला, कारण वरच्या टेकड्यांची माती थांबवल्याशिवाय खालची धरणे टिकणार नाहीत हे उघड होते. पेंचच्या खोऱ्यातही दोन राज्ये आहेत. त्यांच्यात पाण्याच्या वाटपावर बोलणी होतात. छिंदवाड्याच्या मक्याच्या शेतातून काय वाहून येते, यावरही ती व्हायला हरकत नाही, आणि नागपूर शहराने त्यासाठी दोन पैसे मोजायलाही हरकत नाही.

शिबिरासाठी काम शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून पुष्कळ करता येईल. मोठा पाऊस पडून गेल्यावर नाल्याच्या पाण्याच्या तीन बाटल्या भराव्यात: एक टेकडीच्या पायथ्याशी, दुसरी वावरे संपतात तिथे, तिसरी बंधाऱ्याच्या खाली. नाव, वार, वेळ लिहून एक रात्र हलवू नयेत. सकाळी तळाशी बसलेला गाळ पट्टीने मोजावा. गावातल्या विहिरींचे नायट्रेट पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासावे. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना पाणी तपासण्याच्या पेट्या दिल्या आहेत आणि प्रत्येक गावात पाच महिलांना त्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. पेटी बहुधा कार्यालयाच्या कपाटात असते. किल्ली ग्रामसेवकाकडे मागावी.